हांबागू: जपानी घरांतला खिम्याचा स्टेक, त्याच तव्यातल्या सॉससकट

बर्गरची टिक्की करता येत असेल, तर हांबागू करताना त्यातलं बरंचसं बाजूला ठेवावं लागतं. बर्गरच्या खिम्याला शक्य तितका कमी हात लावतात, मीठ तव्यावर टाकायच्या क्षणी वरून भुरभुरतात आणि टिक्की पावात बसायची म्हणून चपटी ठेवतात. हांबागूचं सगळं याच्या उलट असतं. खिमा मिठासकट चिकट होईपर्यंत मळायचा, त्यात दूध प्यालेला पावाचा चुरा, अंडं आणि परतलेला कांदा घालायचा, जाड लंबगोल थापायचा, आधी भाजून मग झाकण ठेवून वाफेवर शिजवायचा आणि ज्या तव्यात तो भाजला त्याच तव्यात सॉस करायचा. पाव कुठेच नाही. शेजारी मऊ पांढरा भात.

नवशिके लोक मांसावर पैसे घालवतात आणि सॉसवर वेळ. हांबागू बिघडतो तो मात्र बहुतेक वेळा त्याआधी, कालवताना. खिमा कोमट झाला, मीठ उशिरा पडलं, कांदा गरम असतानाच घातला, की पुढे कितीही चांगला सॉस ओतला तरी आतून तो कोरडा आणि भुसभुशीत लागतो. म्हणून इथे परातीतल्या दहा मिनिटांबद्दल जास्त बोलणार आहे.

हा पदार्थ जपानमध्ये फार जुना नाही. सम्राट तेन्मूनं इ.स. ६७५ मध्ये गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाण्यावर वर्षातले काही महिने बंदी घातली. पुढे बौद्ध विचारांच्या प्रभावाखाली मांसाहाराबद्दलचा संकोच शतकानुशतकं टिकला. १८७२ मध्ये सम्राट मेइजीनं गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि नव्या जपानची खूण म्हणून ते शहरांत खाल्लं जाऊ लागलं. पाश्चात्त्य पदार्थ आपल्या जिभेला आणि भाताला जुळवून घेण्याची जी पद्धत तिथून रुळली, तिला योशोकु म्हणतात. बटाट्याचे कोरोक्के (तळलेल्या टिक्क्या), तोन्कात्सु (पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेलं डुकराचं मांस), भातावरची जपानी करी ही त्यातली मंडळी, आणि जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं नाव घेऊन आलेला हांबागूही त्यांच्यातलाच. घराघरांत तो पोचला १९६० आणि ७० च्या दशकांत. खिमा इतर मांसापेक्षा स्वस्त होता, पावाच्या चुऱ्यानं आणि कांद्यानं तो वाढवता येत होता आणि मुलं तो न कुरकुरता खात होती. १९७० मध्ये टोकियोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात स्कायलार्क हे कुटुंबांसाठीचं उपाहारगृह सुरू झालं, मग तशी अनेक निघाली, आणि त्यांच्या मेन्यूत हांबागू पहिल्या पानावर जाऊन बसला तो अजून तिथेच आहे.

चार जणांसाठी सामान

खिमा ४०० ग्रॅम
कांदा १ मोठा (साधारण २०० ग्रॅम)
पांको किंवा पावाचा चुरा ३० ग्रॅम
दूध ६० मिलिलिटर
अंडं १
मीठ ४ ग्रॅम (चहाचा पाऊण चमचा, थोडं कमीच)
मिरपूड पाव चमचा, किसलेलं जायफळ दोन चिमटी
भाजायला तेल १ मोठा चमचा

सॉससाठी:
रेड वाइन १०० मिलिलिटर
टोमॅटो केचप ४ मोठे चमचे
जपानी चुनो सॉस ३ मोठे चमचे
सोया सॉस १ छोटा चमचा
बिनमिठाचं बटर १५ ग्रॅम
बटण मशरूम किंवा शिमेजी (बारीक जपानी मशरूम) मूठभर, हवे असतील तर

भांड्यांत एक जाड बुडाचा फ्राय पॅन आणि त्यावर नीट बसणारं झाकण लागतं. झाकण नसेल तर मोठं ताट पालथं घाला. झाकणाशिवाय मात्र हा पदार्थ करू नका.

खिमा कुठला घ्यायचा

जपानी घरात बहुतेक वेळा आइबिकी वापरतात, म्हणजे गोमांस आणि डुकराचं मांस एकत्र दळलेलं. सात भाग गोमांस आणि तीन भाग डुक्कर हे प्रमाण बरेच जण चांगलं मानतात. गोमांसातून चव येते, डुकराच्या चरबीतून मऊपणा. नुसत्या गोमांसाचाही हांबागू होतो आणि चवीला तो अधिक भारदस्त असतो, पण जरा जास्त शिजला की लगेच घट्ट होतो. नवख्या माणसानं चरबी साधारण वीस टक्के असलेला खिमा घ्यावा. 'कमी चरबीचा, आरोग्याला बरा' असा खिमा इथे घेऊ नका. आरोग्याची काळजी असेल तर एक हांबागू कमी खा.

जपानमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना एक सांगायला हवं. टोकियोच्या निशी-कासाईसारख्या भागात भारतीय वस्ती मोठी आहे आणि सुपरमार्केटच्या लेबलाचा घोळ तिथे नव्यानं आलेल्या प्रत्येकाचा होतो. ग्यू म्हणजे गाय-बैलाचं, बुता म्हणजे डुकराचं, तोरी म्हणजे कोंबडीचं. नुसतं आइबिकी लिहिलं असेल तर त्यात डुक्कर आहे असंच धरून चाला. उपाहारगृहातल्या हांबागूतही ते बहुधा असतं, त्यामुळे जे डुक्कर खात नाहीत त्यांनी विचारूनच मागवावं. आणि 'तोफू हांबागू' हे नाव वाचून शाकाहारी मंडळींनी हुरळून जाऊ नये. त्यात तोफूबरोबर पुष्कळदा कोंबडीचा खिमा असतो.

महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर २०१५ पासून बंदी आहे. म्हशी-रेड्याचं मांस त्यात येत नाही, आणि बाजारात मोठ्याचं म्हणून मिळतं ते हेच. त्याचा हांबागू चांगला होतो, पण हे मांस कोरडं असतं. ४०० ग्रॅम खिम्याला २५ ग्रॅम थंडगार बटर किसून घाला किंवा खाटकाला थोडी चरबी सोबत दळायला सांगा. गोव्यात बीफ दुकानात मिळतं, तिथे हा प्रश्न नाही. मटणाच्या खिम्याचंही जमतं, मात्र मटणाचा वास जायफळाला दाबून टाकतो आणि मग जे तयार होतं ते चविष्ट असलं तरी जपानी राहत नाही. कोंबडी वापरायची तर मांडीच्या मांसाची. छातीच्या मांसाचा हांबागू नीरस होतो.

खिमा मशीनमधून एकदाच काढलेला, मध्यम जाडीचा असावा. कबाबासाठी दोन-तीनदा काढून लगदा करतात तसा नको, आणि हातानं सुऱ्यावर तोडलेला जाडसरही नको. तो एकजीव होत नाही.

आधी कांदा आणि पाव

कांदा अगदी बारीक चिरा. मोठे तुकडे राहिले तर तिथूनच हांबागूला चीर जाते. चमचाभर तेलात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता. कडा बदामी व्हायला लागल्या की थांबा. आपल्याकडे रश्शासाठी कांदा तांबूस करतात तितकं पुढे जायचं नाही, कारण इथे कांद्याचं काम गोडवा आणि ओलावा देण्याचं आहे. मग तो ताटलीत पसरून पूर्ण गार करा. पूर्ण म्हणजे फ्रीजमध्ये दहा मिनिटं ठेवून, हाताला थंड लागेल इतका. कांद्याची ऊब खिम्यातली चरबी कालवतानाच वितळवते, आणि एकदा परातीत वितळलेली चरबी तव्यावर निघून जाते.

काही जपानी घरांत कच्चा कांदा घालतात. त्याचा कुरकुरीतपणा आवडणारे आहेत, मला तो आवडत नाही. कच्चा कांदा शिजताना पाणी सोडतो आणि ते पाणी बाहेर येताना वाट फोडतं.

आता कांदा परतायला घेतला की मराठी हात आपोआप आलं-लसणाच्या वाटणाकडे जातो. तो आवरा. हळद, धणे-जिरे, गरम मसाला यांपैकी काहीही घातलं की तो खिमा पॅटिस झाला. खिमा पॅटिस उत्तमच असतं, पण मग त्यावर केचप-वाइनचा सॉस ओतू नका. हांबागूचा मसाला म्हणजे मिरी आणि जायफळ, बास. श्रीखंडासाठी आणलेलं जायफळ डब्यात असतंच. ताजं किसा. दोन चिमटीपेक्षा जास्त नको, नाहीतर पदार्थ गोडाकडे झुकतो.

पांको म्हणजे पावाचा कोरडा, भरड, पातळ पापुद्र्यांचा जपानी चुरा. तो मोठ्या शहरांत आता सहज मिळतो. नसेल तर लादी पाव किंवा पांढऱ्या ब्रेडच्या एका मोठ्या स्लाइसचा चुरा करून तव्यावर रंग न येऊ देता कोरडा करा. बाजारातला बारीक पिठासारखा ब्रेडक्रम मात्र वापरू नका, तो दुधात चिखल होतो. चुऱ्यावर दूध ओता आणि पाच मिनिटं सोडा. सगळं दूध पिऊन तो ओलसर, फुगलेला दिसायला हवा. पावाला लोक स्वस्तातली भर समजतात, आणि सुरुवातीला तो त्यासाठीच आला असेल. पण तो इथे खरं काम करतो. मांस शिजताना आकसतं आणि रस बाहेर ढकलतं, तो रस हा भिजलेला पाव धरून ठेवतो. पाव वगळून शंभर टक्के मांसाचा हांबागू करण्याचा मोह पहिल्या काही वेळा तरी टाळा.

कालवणं, म्हणजे खरं काम

खिमा फ्रीजमधून अगदी शेवटी काढा. एका मोठ्या परातीत बर्फाचं पाणी घ्या आणि त्यात स्टीलचं पसरट पातेलं ठेवा. मुंबईत किंवा विदर्भात मे महिन्यात हे करत असाल तर बर्फ टाळूच नका. जपानी स्वयंपाकी हिवाळ्यातही हात थंड पाण्यात बुडवून घेतात. कारण साधं आहे. गोमांसाची आणि त्याहून जास्त डुकराची चरबी तळहाताच्या ऊबेनंही मऊ पडायला लागते.

पहिल्यांदा खिमा आणि मीठ, एवढंच. बाकी काही नाही. बोटं पसरून पिळत, दाबत, एकाच दिशेनं फिरवत मळा. मिनिटभर काहीच घडत नाही असं वाटतं. मग खिम्याचे सुटे दाणे दिसेनासे होतात, रंग थोडा फिकट होतो आणि तो पातेल्याच्या कडेला चिकटून लांबट तंतूंसारखा ओढला जायला लागतो. गोळा हातात घेऊन तळवा पालथा केला तरी तो खाली पडत नाही, तेव्हा थांबा. दोन ते तीन मिनिटं लागतात. मांसातली काही प्रथिनं मिठात विरघळतात, त्यात मायोसिन मुख्य. हीच प्रथिनं एकमेकांना धरून जाळं विणतात. हांबागू शिजतो तेव्हा हे जाळं घट्ट बसतं आणि वितळलेली चरबी व पाणी त्याच्या आत अडकून राहतं. म्हणून कापल्यावर रस येतो. मीठ नंतर घातलं, कांदा-अंड्यासोबत घातलं, तर हे जाळं नीट विणलंच जात नाही. मिठाचं प्रमाणही म्हणून डोळ्यांनी ठरवू नका. मांसाच्या वजनाच्या एक टक्का हे सोपं माप आहे, आणि खारट सॉस घालणार असाल तर ०.८ टक्का पुरे.

आता मिरपूड, जायफळ, दुधातला पाव, अंडं आणि गार कांदा एकदम घाला आणि सगळं सारखं मिसळेपर्यंत मिनिटभर कालवा. या टप्प्यावर पुन्हा जोर लावून मळायची गरज नाही. मिश्रण भज्यांच्या पिठाइतकं सैल झालं असेल तर दूध जास्त पडलंय किंवा अंडं मोठं होतं. मूठभर कोरडा पांको घालून पाच मिनिटं थांबा. घट्ट असेल तर तसंच राहू द्या.

पातेलं झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. घाईत असाल तर पंधरा मिनिटं, पण ठेवा.

आकार देणं

तळहाताला तेलाचा पुसट हात लावा आणि मिश्रणाचे चार भाग करा. प्रत्येक साधारण १६० ग्रॅमचा होईल. गोळा एका तळहातावरून दुसऱ्या तळहातावर जरा जोरात फेका, सात-आठ वेळा, चेंडू झेलल्यासारखा. बघायला गंमत वाटते पण उद्देश वेगळा आहे. आत हवा कोंडलेली असेल तर ती तापून फुगते आणि तिथून हांबागू फाटतो. फेकल्यानं ती हवा निघून जाते. लहान मुलांना हे काम द्या, ती आनंदानं करतात.

मग लंबगोल आकार द्या, दोन सेंटिमीटर जाडीचा. कडांवरून ओलं बोट फिरवून सगळ्या भेगा मिटवा. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा. आत्ता दिसणारी बारीक भेग तव्यावर रुंद होते. मध्यभागी अंगठ्यानं उथळ खळगा करा. कडा आधी शिजून आकसतात आणि मधला भाग वर ढकलला जातो, त्यामुळे खळगा भरून वर सपाट होतं. खळगा नसेल तर हांबागू चेंडूसारखा फुगतो आणि मध्ये कच्चा राहतो.

चीज घालायचं असेल तर याच वेळी, मध्ये सुपारीएवढा तुकडा ठेवून सगळीकडून नीट बंद करायचं. पहिल्या वेळी घालू नका. चीज बाहेर पडलं की सॉस तुपकट होतो.

भाजणं आणि वाफवणं

तवा मध्यम आचेवर तापवा, तेल घाला, हांबागू खळग्याची बाजू वर ठेवून अलगद सोडा. चारही एकदम मावत नसतील तर दोन-दोन करा, गर्दी केलीत तर ते भाजण्याऐवजी पाण्यात उकडतात. मग तीन मिनिटं हात लावू नका. उलथन्यानं दाबायची सवय असेल तर उलथनं लांब ठेवा, दाबलं की बाहेर जाणारा प्रत्येक थेंब रसाचा असतो. खालून दाट तपकिरी रंग आला की एकदाच उलटा आणि दुसरी बाजू दोन मिनिटं भाजा.

आता आच मंद करा, तव्याच्या कडेनं ५० मिलिलिटर पाणी सोडा आणि लगेच झाकण ठेवा. सात ते आठ मिनिटं. जपानीत याला मुशियाकी म्हणतात, भाजणं आणि वाफवणं एकत्र. एवढा जाड खिमा नुसत्या भाजण्यानं आतपर्यंत शिजायला गेला तर बाहेरून करपतो.

झालं का ते पाहायला मध्यभागी बांबूची काडी टोचा आणि काढा. वर येणारा रस स्वच्छ असेल तर झालं, लालसर किंवा गढूळ असेल तर झाकण ठेवून आणखी दोन मिनिटं. मांसाचा थर्मामीटर असेल तर त्यावरच विश्वास ठेवा. जपानमध्ये खिम्याच्या पदार्थांसाठी मध्यभागी ७५ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट टिकलं पाहिजे असं सांगतात. आतल्या रंगावर विसंबू नका. पूर्ण शिजलेला खिमाही कधी गुलाबी दिसतो आणि कच्चा कधी करडा.

स्टेक आत गुलाबी चालतो, मग हांबागू का नाही, असं विचारणारे भेटतात. शिझुओका प्रांतात सावायाका नावाची उपाहारगृहांची साखळी आहे, फक्त त्याच प्रांतात. तिथे नुसत्या गोमांसाचा मोठा गोळा तापलेल्या लोखंडी थाळीवर येतो, वाढपी तो तुमच्यासमोर दोन भागांत कापून थाळीवर दाबतात आणि आत तो गुलाबी असतो. लोक त्यासाठी तासन् तास रांग लावतात. घरी त्याची नक्कल करू नका. अखंड मांसावरचे जंतू पृष्ठभागावर असतात आणि भाजल्यावर मरतात. खिमा करताना तोच पृष्ठभाग आत मिसळला जातो. दुकानातून आणलेला खिमा कधी, कुठे, कुठल्या मशीनमधून निघाला हे तुम्हाला माहीत नसतं.

शिजलेले हांबागू ताटलीत काढून ठेवा. पाच मिनिटं थांबल्यानं त्यांचा रस आत स्थिरावतो, आणि तेवढ्यात सॉस होतो.

त्याच तव्यात सॉस

तव्यात चरबी, रस आणि तळाला चिकटलेला तपकिरी थर राहिलेला असेल. तवा घासायला टाकलात तर अर्धी चव सिंकमध्ये गेली. चरबी फार दिसत असेल तर पेपर टॉवेलनं थोडी टिपून घ्या, एक चमचाभर राहू द्या. काही काळं करपलं असेल तर तेवढं उचलून टाका.

मशरूम घालायचे असतील तर आत्ता, चिरून, मोठ्या आचेवर दोन मिनिटं. मग वाइन ओता आणि लाकडी उलथन्यानं तळ खरवडत अर्धी होईपर्यंत आटवा. कच्च्या दारूचा नाकात जाणारा वास गेला पाहिजे. वाइन स्वस्त चालेल, गोड मात्र नको. दारू घरात चालत नसेल तर तेवढंच पाणी किंवा हाडांचा सूप घ्या आणि शेवटी लिंबाचे चार थेंब पिळा, कारण वाइनमधला आंबटपणा कुठून तरी यायला हवा.

मग केचप, चुनो सॉस आणि सोया सॉस. केचप आधी तव्याच्या मोकळ्या भागात अर्धा मिनिट परतला तर त्याचा बाटलीतला कच्चा गोडवा जातो. दोन-तीन मिनिटं खदखदू द्या. चमचा उलटा केला की त्यावर थर राहील इतका दाट झाला की गॅस बंद करा आणि शेवटी बटर घालून तवा फिरवा. बटर उकळत्या सॉसमध्ये घातलं तर फाटतं आणि वर तेल तरंगतं, गॅस बंद केल्यावर घातलं तर सॉसला चकाकी येते. चाखा. आंबट वाटला तर चिमूटभर साखर, बेचव वाटला तर सोया सॉसचे दोन थेंब. मीठ बहुधा लागत नाही.

चुनो सॉसबद्दल थोडं. इंग्रजी वूस्टरशायर सॉस जपानमध्ये आला आणि तिथे त्याच्यात फळं आणि भाज्या शिरल्या. आता दाटपणावरून त्याचे तीन प्रकार आहेत: पाण्यासारखा उसुता, मधला चुनो आणि तोन्कात्सुवर घालतात तो दाट. बुलडॉग आणि कागोमे या कंपन्यांच्या बाटल्या सगळ्यांत सहज दिसतात. भारतात चुनो मिळाला नाही तर दोन मोठे चमचे वूस्टरशायर सॉस, एक छोटा चमचा साखर आणि चिंच-खजुराची चटणी अर्धा मोठा चमचा असं मिसळा. चटणीत जिरं, मिरची किंवा सैंधव नको. चिंच इथे परकी नाही, वूस्टरशायर सॉसमध्ये ती असतेच.

उपाहारगृहं डेमी-ग्लास वापरतात, हाडं आणि भाज्या तासन् तास आटवून केलेला. जपानी घरात त्याचा डबा आणतात. मला स्वतःला डब्यातल्यापेक्षा हा तव्यातला सॉस आवडतो, कारण त्यात त्याच मांसाचा रस असतो.

वेळ असेल तर हांबागू पुन्हा सॉसमध्ये सोडून, शंभर मिलिलिटर पाणी घालून, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवा. हा निकोमी हांबागू, म्हणजे रटरटून शिजवलेला. पाहुणे यायचे असतील आणि वेळेचा भरवसा नसेल तर हाच करा, तो कोरडा पडत नाही आणि थांबतो. निकोमी करणार असाल तर झाकणाखालचा वेळ पाच मिनिटांवर आणा, उरलेलं सॉसमध्ये शिजेल. आणि वाढण्याआधी काडी टोचून बघायचं विसरू नका.

हलका सॉस हवा असेल तर

उन्हाळ्यात केचप-बटर जड वाटतं. तेव्हा वाफू हांबागू करतात, म्हणजे जपानी वळणाचा. मुळा किसून त्यातलं पाणी हलकेच दाबून काढायचं, तो गोळा गरम हांबागूवर ठेवायचा आणि वर पोन्झु, म्हणजे लिंबूवर्गीय फळांच्या रसाचा आंबट-खारट सोया सॉस, ओतायचं. पोन्झुची बाटली नसेल तर तीन मोठे चमचे सोया सॉस, दोन चमचे लिंबाचा रस आणि एक चमचा मिरिन (स्वयंपाकातली गोड जपानी तांदळाची दारू). जपानी दायकॉन मोठा आणि सौम्य असतो. आपला मुळा तिखट, म्हणून कोवळा घ्या, वरचा जाड भाग वापरा आणि किसल्यावर दहा मिनिटं उघडा ठेवा, म्हणजे झणका थोडा कमी होतो. खाली शिसो या सुवासिक जपानी वनस्पतीचं पान ठेवतात. ते मिळत नसेल तर काहीच ठेवू नका, पुदिना किंवा कोथिंबीर घालून फसवाफसवी करू नये.

ताटात काय

भात लहान दाण्याचा, चिकट. तो नसेल तर आंबेमोहोर थोडा मऊ शिजवा, बासमती इथे सुटा-सुटा पडतो आणि सॉस धरत नाही. उपाहारगृहात भात बशीत येतो आणि काट्यानं खातात, घरी वाटी आणि चॉपस्टिक चालतात. हांबागू चॉपस्टिकनं तुटण्याइतका मऊ असला पाहिजे, सुरी लागली तर मळण्यात किंवा शिजवण्यात काहीतरी चुकलं. सोबत बटरमध्ये थोडी साखर घालून शिजवलेलं गाजर, उकडलेली ब्रोकोली, बटाटा किंवा मक्याचे दाणे. वर अर्धकच्च्या बलकाचं अंडं ठेवलं तर मुलं खूश होतात. मिसो सूप असलं तर उत्तम, नसलं तरी अडत नाही.

उरलेलं मिश्रण असेल तर लिंबाएवढे छोटे हांबागू करून दोन्ही बाजूंनी भाजून, झाकणाखाली चार-पाच मिनिटं शिजवा. बेंतो म्हणजे जपानी डबा, त्यात हे लागतात. गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरले तर झाकणाला वाफ धरते आणि दुपारपर्यंत वास येतो. कच्चे थापलेले हांबागू फ्रीजरमध्ये ठेवण्यापेक्षा शिजवलेले ठेवा: एकेक प्लास्टिकमध्ये गुंडाळून, तीन-चार आठवडे. खायच्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सॉसमध्ये थोडं पाणी घालून त्यातच गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये कोरडे फिरवले तर कडा रबरासारख्या होतात.